क्लेरिकल म्हणजे धर्मगुरूंचं की ऑफिसचं? नवीन पोरापोरींसाठी पायरी-पायरीनं

कोल्हापुरात स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसणारी पोरंपोरी क्लेरिकल हा शब्द रोज कुठं ना कुठं वाचतात. बँकेची जाहिरात उघडली की क्लेरिकल कॅडर, कोर्टाचा कागद हातात आला की क्लेरिकल मिस्टेक, आणि इंग्रजीचा उतारा सोडवायला घेतला तर तिथं इराणचं क्लेरिकल नेतृत्व, मग माणूस गोंधळणारच की इराणमध्ये क्लार्क लोक राज्य करतात काय. गोंधळ होण्यात काही कमीपणा नाही, शब्दच तसा आहे, एका बाजूला चर्चचे पाद्री, मौलवी, धर्मगुरू आणि दुसऱ्या बाजूला टेबल, रजिस्टर, टायपिंग, फाइल. गडहिंग्लज, आजरा, राधानगरी, शाहूवाडीकडून नवीन आलेली बरीच मंडळी पाठांतरानं एकच अर्थ धरून बसतात आणि दुसरा आला की अडतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय, घाई न करता वाचा, सातबारा दुरुस्तीचा भाग तर परीक्षा न देणाऱ्यांनीसुद्धा वाचा.

पायरी १: शेजारचा शब्द बघा

क्लेरिकल हे विशेषण आहे, ते एकटं फारसं येत नाही, पुढं बहुतेक काहीतरी नाम असतंच आणि नव्वद टक्के उत्तर त्या नामातच असतंय. स्टाफ, कॅडर, पोस्ट, ग्रेड, वर्क, असिस्टन्स, एरर, मिस्टेक यातलं काही पुढं असलं की ऑफिसचा अर्थ, डोळे झाकून. कॉलर, रोब, सेलिबसी, लीडरशिप, एस्टॅब्लिशमेंट, रूल हे पुढं आले की धर्माचा अर्थ. क्लेरिकल कॉलर म्हणजे पाद्री लोक गळ्याला घालतात ती पांढरी पट्टी, क्लेरिकल सेलिबसी म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंनी लग्न न करण्याचा नियम, क्लेरिकल रूल म्हणजे धर्मगुरूंची राजवट.

अडचण येते ती ड्युटीज, ड्रेस, ऑफिस, करिअर असले शब्द पुढं आले की, कारण हे दोन्हीकडं चालतात. क्लेरिकल ड्युटीज म्हणजे पत्रं लिहिणं, नोंदी ठेवणं असंही होतं आणि प्रार्थना घेणं, बाप्तिस्मा देणं असंही होतं. आणि क्लेरिकल ऑफिस याचा अर्थ चर्चच्या इतिहासावरच्या उताऱ्यात बऱ्याचदा धर्मगुरूचं पद असा असतो, टेबलखुर्चीची खोली नव्हे. अशा वेळी एक वाक्य मागं जायचं आणि एक वाक्य पुढं जायचं. चर्च, बिशप, मशीद, पोप, सनातनी, राजसत्ता यातलं काही आसपास दिसलं तर धर्म, आणि पगार, भरती, फाइल, टायपिंग दिसलं तर ऑफिस. परीक्षेत अर्ध्या मिनिटाचं काम आहे हे, पण सवय आधी लावायला पाहिजे.

पायरी २: दोन अर्थ एकाच शब्दात कसे आले ते एकदा समजून घ्या

हे समजलं की परत पाठ करायची गरज पडत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. मूळ ग्रीक शब्द क्लेरोस, त्याचा अर्थ चिठ्ठी टाकून निघालेला वाटा, वारशानं आलेला हिस्सा. बायबलमध्ये लेवी वंशाला जमिनीचा वाटा नाही, परमेश्वर हाच त्यांचा वाटा असं सांगितलंय, आणि नव्या करारात यहूदाच्या जागी नवीन प्रेषित निवडताना चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थियाची चिठ्ठी निघाली अशी गोष्ट आहे. त्यावरून देवाच्या कामाला वाहून घेतलेल्या माणसांना लॅटिनमध्ये क्लेरिकस म्हणायला लागले. इथपर्यंत फक्त धर्म.

आता मध्ययुगातल्या युरोपात लिहिता-वाचता येणारी माणसं मुख्यतः चर्चमध्येच होती. राजाला पत्र लिहायचं असो, जमिनीचा दस्त करायचा असो, खजिन्याचा हिशेब ठेवायचा असो, बोलवा पाद्र्याला. म्हणून क्लार्क म्हणजे धर्मगुरू, क्लार्क म्हणजे शिकलेला माणूस आणि क्लार्क म्हणजे लिहिणारा नोकर, हे सगळं एकातच मिसळून गेलं. इंग्लंडात तर आरोपीला वाचता आलं तर तो चर्चचा माणूस समजून सवलत मिळायची, त्यासाठी बायबलमधल्या ५१ व्या स्तोत्राची ओळ वाचायला द्यायचे आणि ती वाचता आली तर फाशी टळायची, ही सवलत १८२७ साली कायद्यानं बंद झाली. पुढं शाळा वाढल्या, साधी माणसं लिहायला शिकली, लिहिण्याचं काम चर्चच्या बाहेर आलं पण शब्द तोच राहिला. अँग्लिकन चर्चच्या पाद्र्याला कायद्याच्या भाषेत अजूनही क्लार्क इन होली ऑर्डर्स म्हणतात.

कोल्हापूरच्या माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही, आपल्याकडं वेगळं काय होतं? गावात जमाखर्च आणि जमिनीचं दप्तर लिहिणारा कुलकर्णी, पंचांग सांगणारा आणि विधी करणारा जोशी, दोन्ही कामं अक्षर येणाऱ्या एकाच वर्गाकडं, पिढ्यान्‌पिढ्या. १८९४ ला शाहू महाराजांनी कारभार हाती घेतला तेव्हा कोल्हापूर संस्थानच्या सामान्य प्रशासनातल्या ७१ पदांपैकी ६० ब्राह्मण अधिकाऱ्यांकडं होती आणि सुमारे ५०० कारकुनी जागांपैकी ब्राह्मणेतर फक्त १० होते, हे आकडे इतिहासाच्या पुस्तकात सगळीकडं दिलेले असतात. महाराजांनी काय केलं बघा. २६ जुलै १९०२ च्या हुकमानं संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. १९१८ ला कुलकर्णी वतन रद्द केलं आणि पगारी तलाठी नेमले. आणि १९२० ला पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठावर सदाशिवराव बेनाडीकर यांना क्षात्रजगद्गुरू म्हणून बसवलं, मराठा समाजातल्या मुलांना पौरोहित्य शिकवायची सोय केली. म्हणजे दप्तराची लेखणी आणि धर्माचा अधिकार, क्लेरिकल शब्दाचे जे दोन अर्थ आहेत ना त्या दोन्ही दारांची कुलपं या एकाच शहरात एकाच राजानं उघडली, आणि मला वाटतं हा शब्द समजून घ्यायला कोल्हापूरसारखी जागा नाही. आज अभ्यासिकेत बसून लिपिक पदाची तयारी करणाऱ्या बहुतेकांच्या पणजोबांना ते दार बंदच होतं.

पायरी ३: शब्दाची भावकी ओळखा

क्लार्क म्हणजे ऑफिसात लिहिणारा माणूस. क्लेरिक म्हणजे धर्मगुरू, एक व्यक्ती. क्लर्जी म्हणजे सगळे धर्मगुरू मिळून, पूर्ण वर्ग. क्लेरिकल हे या सगळ्यांचं विशेषण आणि गोंधळ फक्त तिथंच होतोय, क्लार्क आणि क्लेरिक यांच्यात तसा होत नाही. उच्चाराचं म्हणाल तर इंग्लंडात क्लार्क आणि अमेरिकेत क्लर्क, आपल्याकडं क्लार्क बोलतात, हिंदीवाले क्लर्क, मुलाखतीत दोन्ही चालतं. क्लेरिकलमध्ये मात्र ‘क्ले’च, क्लार्किकल असा शब्द नाही.

इंग्रजी पेपरमध्ये मुस्लिम क्लेरिक असं मौलाना, मौलवींसाठी सर्रास लिहितात, आणि इराणमध्ये १९७९ च्या क्रांतीनंतर सर्वोच्च सत्ता धर्मगुरूंच्या हातात गेली म्हणून त्या देशाच्या बातमीत क्लेरिकल एस्टॅब्लिशमेंट हमखास येतं, मराठीत लिहिताना तिथं धर्मगुरूंची सत्ता असं सरळ लिहायचं. हिंदू पुजाऱ्यांना मात्र इंग्रजीत साधारणपणे प्रीस्ट म्हणतात, क्लेरिक नाही. अंबाबाईच्या देवळातले श्रीपूजक हे प्रीस्ट, आणि पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीच्या ऑफिसात देणगीच्या नोंदी ठेवणारा लिपिक हा क्लेरिकल स्टाफ. एकाच देवाच्या कामात दोघं, पण क्लेरिकल म्हटलं की त्यातला दुसरा. हे उदाहरण डोक्यात पक्कं ठेवा.

अँटी-क्लेरिकल हा शब्द पण येतो, युरोपच्या इतिहासात, त्याचा अर्थ राज्यकारभारात धर्मगुरूंच्या ढवळाढवळीला विरोध करणारा. फ्रान्समध्ये १९०५ च्या कायद्यानं चर्च आणि सरकार वेगळं केलं तो त्याच चळवळीचा भाग. ऑफिसातल्या क्लार्कच्या विरोधात असं कुणी समजू नका.

आणखी एक शब्द अगदी असाच फसवा आहे, मिनिस्टेरियल. बघितल्यावर मंत्रीच आठवतो. पण सीआयएसएफ, सीआरपीएफच्या जाहिरातीत हेड कॉन्स्टेबल मिनिस्टेरियल असं असतं ते टेबलाचं काम आहे, मंत्र्याच्या बंगल्यावरची ड्युटी नव्हे. केंद्र सरकारच्या मूलभूत नियमांत मिनिस्टेरियल सर्व्हंटची व्याख्याच अशी आहे की ज्याचं काम पूर्णपणे क्लेरिकल आहे असा दुय्यम सेवेतला कर्मचारी. मराठी जीआरमध्ये याला लिपिकवर्गीय कर्मचारी म्हणतात. कागल, गडहिंग्लजकडच्या भरतीच्या पोरांनी हे नीट वाचावं, शारीरिक चाचणीबरोबर टायपिंगची पण तयारी लागते त्या पदाला. आणि लष्करात तर दोन्ही अर्थाची पदं आहेत, क्लार्कचं वेगळं आणि धर्मगुरूचं वेगळं. रिलिजस टीचर म्हणून ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर भरतात, पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री, बौद्ध भिक्खू असे. जाहिरात बघताना कुठल्या पदाची आहे हे आधी बघा.

पायरी ४: मराठीत लिहिताना नेमका शब्द निवडा

ऑफिसच्या अर्थानं सरकारी कागदावर लिपिक, लिपिकीय, लिपिकवर्गीय. लिपिकीय काम, लिपिकवर्गीय संवर्ग. बोलताना क्लार्क. कारकून हा जुना फारसी शब्द, काम करणारा एवढाच अर्थ, महसुलात अव्वल कारकून हे मानाचं पद होतं, पण आता नुसतं कारकून म्हटलं की ऐकणाऱ्याला टोचतं आणि खर्डेघाशी तर सरळ हिणवणंच झालं. समोरच्या माणसाला त्याच्या टेबलावर जाऊन कारकून म्हणू नका. तलाठ्याला गावात भाऊसाहेब म्हणायची पद्धत आहे, ऑफिसात साहेब, मॅडम, भाऊ, ताई काहीही चालतंय पण आदरानं.

पदांची नावं अलीकडं बदलली आहेत हे पण लक्षात असू द्या, नाहीतर अर्ज चुकीच्या नावानं जातोय. महसुलात लिपिक आता महसूल सहायक, तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी, जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहाय्यक, एमपीएससीच्या गट क मध्ये लिपिक-टंकलेखक. स्टेट बँकेत ज्युनियर असोसिएट, आणि सरकारी बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसनं २०२५ पासून क्लार्कचं नाव कस्टमर सर्व्हिस असोसिएट केलं. बँकेत जुनी माणसं अवॉर्ड स्टाफ पण म्हणतात, पूर्वी पगार अवॉर्डनं म्हणजे लवादाच्या निवाड्यानं ठरायचे त्यावरून ते पडलं. नाव काहीही असू दे, सगळं क्लेरिकलच. खासगीत बघितलं तर मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हेच काम करणारे दिवाणजी आणि साखर कारखान्याच्या शेती ऑफिसला ऊसतोडीच्या चिठ्ठ्या सांभाळणारा चिटबॉय.

धर्माच्या अर्थानं लिहिताना क्लेरिकल तसंच ठेवू नका, मराठी वाचकाला ऑफिसच आठवतं. चर्चच्या बाबतीत प्रोटेस्टंट असेल तर पाळक, रेव्हरंड, कॅथलिक असेल तर फादर, धर्मगुरू. आपल्या शहरात वायल्डर मेमोरियल चर्च आहे, अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ ला कोल्हापुरात आले त्यांच्या नावाचं, तिथल्या ख्रिस्ती कुटुंबांत पाळकसाहेब असाच शब्द ऐकायला मिळेल. पाद्री म्हणणं चूक नाही, पोर्तुगीजातून आलेला शब्द आहे, पण त्या समाजातल्या माणसाशी बोलताना त्यांचा शब्द वापरावा हे बरं.

मोबाइलवर भाषांतर करून घेणाऱ्यांनी इथं खास लक्ष द्या. इंग्रजी मजकूर टाकून मराठी काढला की क्लेरिकल जिथं जिथं आहे तिथं हातानं तपासा, एका जागी लिपिकीय आणि दुसऱ्या जागी धर्मगुरूंचं असं पाहिजे असतंय आणि मशीन दोन्हीकडं एकच ठोकून देऊ शकतं.

पायरी ५: क्लेरिकल एरर, हे नीट शिका

सगळ्यात जास्त उपयोगाचा भाग हा. क्लेरिकल एररला महसुलात लेखनप्रमाद म्हणतात, बोलताना हस्तदोष, लिहिताना झालेली चूक. कायद्यात या शब्दाला वजन आहे, कारण चूक क्लेरिकल ठरली की सोप्या अर्जावर दुरुस्त होते आणि नाही ठरली तर अपील नाहीतर दिवाणी दावा, वर्षं जातात.

ओळखायची युक्ती एकच, मूळ कागद बरोबर आणि नक्कल चूक असेल तर क्लेरिकल. मूळ निर्णयच चूक असेल तर क्लेरिकल नाही.

उदाहरण घ्या. खरेदीपत्रात क्षेत्र ० हेक्टर ४० आर आहे, त्यावरून पडलेल्या फेरफारात, म्हणजे गावदप्तरातल्या बदलाच्या नोंदीत, पण ४० आर आहे, आणि सातबाऱ्यावर उतरवताना ०४ आर झालंय. आकडा उलटा पडला, कुणी काही ठरवलेलं नाही, हा लेखनप्रमाद. हस्तलिखित सातबारे कॉम्प्युटरवर घेताना अशा चुका झाल्या, नावातली वेलांटी, वडिलांचं नाव गळालं, गटाच्या नंबरात एक आकडा जास्त. आता दुसरा प्रकार, खरेदीपत्रातच ०४ आर टाईप झालंय आणि सातबारा त्याप्रमाणेच आहे. इथं सातबाऱ्याची चूक नाहीच, आधी लिहून देणाऱ्याकडून चूक दुरुस्तीचा दस्त करून घ्या. आणि तिसरा प्रकार, बहिणीचं नाव वारसात लावलंच नाही, किंवा चुलता म्हणतोय ती जमीन माझी. हा हक्काचा वाद झाला, याला कुणी लेखनप्रमाद म्हणून अर्ज करायला सांगत असेल तर ऐकू नका, वेळ आणि पैसा दोन्ही जाईल.

पहिल्या प्रकारासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम १५५ आहे. त्यात लेखनप्रमाद आणि संबंधित पक्षांनी मान्य केलेल्या चुका दुरुस्त करायचा अधिकार दिलाय, कायद्यात जिल्हाधिकारी लिहिलंय पण प्रत्यक्षात अर्ज तहसीलदारांकडं चालतो. काय करायचं: चालू सातबारा काढा, ज्या फेरफारावरून ती नोंद आली त्याची नक्कल काढा, जुना हस्तलिखित सातबारा मिळाला तर उत्तम, मूळ दस्ताची प्रत जोडा. मग अर्जात गोलगोल लिहू नका, असं लिहा: ‘गट क्र. अमुक मधील सातबारावर क्षेत्र ०.०४ हे.आर असे नमूद झाले आहे. फेरफार क्र. अमुक प्रमाणे ते ०.४० हे.आर असे आहे. सबब सदर लेखनप्रमादाची कलम १५५ अन्वये दुरुस्ती व्हावी.’ चूक कुठली, बरोबर काय, पुरावा कुठला, या तीनच गोष्टी. बाकी खातेदारांना नोटीस निघते, हरकत नसेल तर आदेश होतो आणि त्या आदेशाचा परत फेरफार पडतो, तो पडला का हे स्वतः जाऊन बघा, आदेश हातात आला म्हणजे सातबारा बदलला असं होत नाही. लोक इथंच थांबतात आणि दोन वर्षांनी कर्ज काढायला सोसायटीत गेल्यावर कळतं.

कोर्टातही हाच शब्द आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली निकालातल्या किंवा हुकूमनाम्यातल्या क्लेरिकल आणि आकडेमोडीच्या चुका कोर्ट केव्हाही दुरुस्त करू शकतं. फौजदारीत एकदा निकालावर सही झाली की कोर्टाला तो बदलता येत नाही, अपवाद फक्त क्लेरिकल आणि आकड्यांच्या चुकीचा, पूर्वी सीआरपीसीचं कलम ३६२ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४०३. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय, सहा जिल्ह्यांची कामं इथं येतात, त्यामुळं वकिलांच्या ऑफिसात काम शोधणाऱ्या पोरांच्या कानावर ही कलमं रोज पडणार. जाता जाता, कोर्टात लॉ क्लार्क हे पद असतं तो कायद्याचा पदवीधर असतो आणि न्यायाधीशांना संशोधनात मदत करतो, त्याला क्लेरिकल समजू नका.

जन्म-मृत्यूच्या दाखल्यातल्या चुकीला १९६९ च्या नोंदणी कायद्याचं कलम १५, महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या निबंधकाकडं अर्ज. तिथं पण कसोटी तीच.

पायरी ६: क्लेरिकल काम करायला बसलात तर

नवीन लागलेल्याला बहुतेक आधी बारनिशीला बसवतात, म्हणजे आवक-जावक. हे काम हलकं समजू नका, ऑफिसचा सगळा पुरावा इथं तयार होतो. पत्र आलं की सोबतची सहपत्रं मोजायची, कमी असतील तर तिथल्या तिथं पत्रावर तसं लिहायचं, तारखेचा शिक्का मारायचा, आवक नंबर टाकायचा, रजिस्टरला कुणाकडून आलं, त्यांचा जावक क्रमांक आणि दिनांक, विषय, कुठल्या टेबलचं एवढं लिहायचं. गोपनीय लिहिलेलं पाकीट फोडायचं नाही, तसंच साहेबांकडं. साहेबांच्या नजरेखालून टपाल परत आलं की ज्याचं त्याला द्यायचं आणि रजिस्टरवर सही घ्यायची, सही न घेता एकही कागद हातातून सोडू नका. विषय लिहिताना ‘अर्ज’ एवढंच लिहून मोकळं होणारी मंडळी आहेत, सहा महिन्यांनी तो अर्ज कुणालाच सापडत नाही आणि हेलपाटे पडतात ते त्या म्हाताऱ्या अर्जदाराला. ‘वारस नोंदीबाबत, मौजे अमुक’ एवढं लिहायला किती वेळ लागतोय?

पुढचं टेबल मिळालं की टिपणी. विषय काय, आधी काय घडलं, नियम काय म्हणतो, आपला प्रस्ताव काय, आणि शेवटी ‘मान्यतेस्तव सविनय सादर’. छोटी वाक्यं लिहा, नियमाचा जीआर क्रमांक आणि तारीख टाका, पत्रव्यवहार भागाच्या पानांचे नंबर टाका म्हणजे वरिष्ठांना शोधावं लागत नाही. ई-ऑफिस आलं तरी डोकं हेच लागतं, फक्त कागदाच्या जागी स्क्रीन.

आणि रेकॉर्ड. अ म्हणजे कायम, ब म्हणजे ३० वर्षं, क म्हणजे १०, क-१ म्हणजे ५, ड म्हणजे १ वर्ष. ही वर्गवारी चुकली तर कायम ठेवायचा कागद नष्ट होतोय, मग त्यावर कुणाची तरी जमीन, कुणाची तरी पेन्शन अडते. क्लेरिकल काम म्हणजे डोकं न लागणारं काम असं जे बोलतात त्यांनी एकदा रेकॉर्ड रूमला जाऊन बघावं.

शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत लागणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. कामगार कायद्यात क्लेरिकल हा शब्द संरक्षण देणारा आहे. पूर्वीच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगाराच्या व्याख्येत क्लेरिकल काम करणारा यायचा आणि आता त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही येतो. कंपनीनं पदाचं नाव ऑफिसर, एक्झिक्युटिव्ह असं दिलं तरी कोर्ट प्रत्यक्ष काम काय करतोय ते बघतं. म्हणून नेमणूक पत्राबरोबर रोज काय काम दिलं जातं त्याचे ईमेल, मेसेज जपून ठेवा.

पायरी ७: अर्जात आणि मुलाखतीत

टायपिंग आधी. एमपीएससीच्या लिपिक-टंकलेखकला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट लागतं, महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची जीसीसी-टीबीसी ही कॉम्प्युटर टायपिंगची परीक्षा देऊन सर्टिफिकेट घ्यायचं, जाहिरात आल्यावर क्लास लावून उपयोग नाही. आयबीपीएस, स्टेट बँकेच्या पूर्वपरीक्षेला १०० प्रश्न ६० मिनिटांत, इंग्रजी ३०, अंकगणित ३५, रीझनिंग ३५, आणि महाराष्ट्रातल्या जागेसाठी मराठीची चाचणी असते तेव्हा मराठी शाळेत शिकलेल्यांनी दहावीचं मार्कलिस्ट जवळ ठेवा.

बायोडाटात क्लेरिकल एक्सपीरियन्स २ वर्षं एवढंच लिहू नका, त्यातून काही कळत नाही. काय केलं ते लिहा: आवक-जावक रजिस्टर, जीएसटी बिलं, टॅलीत नोंदी, पगारपत्रक, रोज साधारण किती कागद हाताखालून जायचे. दूध संस्थेत किंवा विकास सोसायटीत सचिवाच्या हाताखाली काम केलं असेल तर ते बिनधास्त लिहा, सभासदांचे हिशेब, लेखापरीक्षणाची तयारी, सभेचं प्रोसीडिंग लिहिणं हा पक्का लिपिकीय अनुभव आहे, खेडेगावातला म्हणून लपवायचं कारण नाही.

मुलाखतीत विचारलं की क्लेरिकल पोस्ट का पाहिजे, तर ‘सेफ जॉब आहे’ म्हणू नका, ऐकून ऐकून त्यांना कंटाळा आलेला असतो. तुम्ही केलेलं एखादं काम सांगा, एखादी सापडत नसलेली नोंद शोधून दिली असेल, एखादा हिशेब जुळवून दिला असेल, कसा जुळवला ते दोन वाक्यांत. आणि शब्दाचा अर्थ विचारलाच तर दोन्ही सांगा, आधी ऑफिसचा, मग धर्मगुरूंचा, आणि वेळ दिला तर १९१८ चे पगारी तलाठी पण सांगा.